ऊन येणारी खोली

सासूबाईंना एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायचं काम घरात कुणीच अंगावर घेत नव्हतं.

गोष्ट साधी होती. परदेशात आल्या तेव्हा सासूबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. पाहुण्यांचा परवाना नवीन वर्षाच्या तोंडाशी संपत होता. राहायचं तर वर्ष संपायच्या आत अर्ज द्यायचा, जायचं तर विमानाचं तिकीट पक्कं करायचं. तेव्हा ‘आई, राहताय की जाताय?’ एवढंच काय ते काम. पण मास्तर म्हणत, “तू विचार. तुझ्याशी ती मोकळी बोलते.” सिस्टर म्हणे, “आई तुमची. मी विचारलं तर घालवतेय असं वाटेल.” मास्तर म्हणत, “आणि मी विचारलं तर नाही कशी म्हणेल ती?” यावर सिस्टरने “म्हणजे तिने नाही म्हणायला हवंय का तुम्हाला?” असं विचारलं की मास्तरांना हटकून बाथरूमला जायची आठवण होई. दोन खोल्यांच्या घरात पळून जायला तेवढीच एक जागा होती.

मास्तर आता मास्तर राहिले नव्हते आणि सिस्टर सिस्टर राहिली नव्हती, हेही सांगून टाकलेलं बरं. तिकडे मास्तर शाळेत गणित शिकवत. इथे ते एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासत. भांडी घासतात म्हटलेलं त्यांना आवडत नसे, कारण घासायचं काम मशीन करी. मास्तर खरकटं काढून ताटं मशीनमध्ये लावत आणि वाफाळलेली बाहेर काढून रचत. सिस्टर तिकडे सरकारी इस्पितळात वॉर्ड सांभाळायची, चार शिकाऊ पोरी तिच्या धाकात असत. इथली परीक्षा पास होईपर्यंत ती एका वृद्धाश्रमात मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, कवळ्या ज्याच्या त्याच्या डबीत घालायच्या. बाहेर दोघांच्या पदव्या गळून पडल्या, पण घरात जुनी नावं चालू राहिली. सासूबाई मुलाला मास्तर म्हणत, तिकडे सगळं गावच म्हणायचं म्हणून. आणि सुनेला सिस्टर म्हणत, कौतुकाने की टोमण्याने, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सिस्टरला उकललं नव्हतं.

इथे आल्यापासून सिस्टरचं एक झालं होतं. तिला काही वाटायचं बंद झालं होतं. दाताच्या डॉक्टरने हिरडीत सुई दिली की आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. झोप लागत होती, जेवण जात होतं, ताप नाही, चक्कर नाही. केसपेपरवर लिहावं असं एकही लक्षण नाही. ‘मला काही होत नाहीये’ अशी तक्रार घेऊन कुणाकडे जाणार? म्हणून ती गप्प होती. वागण्यात काही कमी पडू देत नव्हती. जिथे हसायचं तिथे हसत होती. मुलीने, म्हणजे ठकीने, शाळेत काढलेलं चित्र दाखवलं की ‘वा’ म्हणत होती, आणि ‘वा’ वेळेवर म्हटलं गेलं की नाही यावर लक्ष ठेवून होती.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र ती रोज मनाशी जमाखर्च मांडायची, आणि रोज बाकी वेगळी निघायची. त्या राहिल्या तर ठकीला शाळेतून आणायची सोय होत होती. गेल्या तर सिस्टरला अर्धी नोकरी सोडावी लागणार होती. हे जमेला. पण त्या राहिल्या तर एक खोली त्यांची आणि ठकीची, आणि नवरा-बायको बाहेरच्या खोलीत, रोज उलगडायच्या आणि रोज मिटायच्या सोफ्यावर. शिवाय सकाळपासून खिडकीपाशी बसलेली एक पाठ. सासूबाई भांडत नव्हत्या, रडत नव्हत्या, काही मागत नव्हत्या. भांडणाऱ्या सासूचा सामना करायला सिस्टर तयार होऊन आली होती, तिची सगळी तयारी वाया गेली.

तिकडे थोरला मुलगा होता. तो दर फोनला सांगे, “आईची खोली तशीच आहे हं.” त्या खोलीत जाऊबाईंनी शिलाई मशीन मांडलं होतं आणि तिथे शिवण शिकायला पोरी येत, हे जाऊबाईंनीच बोलता बोलता सांगून टाकलं होतं. सासूबाईंनाही ते माहीत होतं. तरी थोरला म्हणायचा, आणि त्या “हो का, बरं” म्हणायच्या. मानाचं खोटं दोन्ही बाजूंनी जपलं जात होतं.

अशात नाताळ आला.

इथे तो महिनाभर आधीच आला होता, दुकानांच्या काचांतून. पण घरात यायला त्याला वाट सापडत नव्हती. ठकीने कागदाची चांदणी कापून दारावर चिकटवली, तेवढंच. सिस्टरने ड्युटीचा तक्ता पाहिला तर नाताळचा पूर्ण दिवस तिच्या नावावर. नव्या माणसांच्या वाट्याला सणच येतात. मास्तरांच्या हॉटेलात त्या दिवशी मोठी पंगत, त्यांना तर सकाळपासून हजर राहायचं होतं.

सिस्टरला मामंजींची पद्धत आठवली. सासरे दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि दवाखान्याला सण नसतो. दर नाताळला त्यांची ड्युटी लागायची. मग घरातले सगळे नवे कपडे घालून, डबा बांधून दवाखान्यात जायचे आणि औषधांच्या खिडकीमागच्या बाकावर बसून पंगत झोडायचे. बाहेर खोकणाऱ्यांची रांग, आत रस्सा-भात. ज्याची ड्युटी त्याच्याकडे नाताळ, असा त्या घराचा कायदाच होता. सिस्टर सून म्हणून आली त्याच वर्षी तिनेही त्या बाकावर बसून जेवण केलं होतं. पुढे सासरे गेले आणि ते सगळं आपोआप थांबलं.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता ती मास्तरांना म्हणाली, “आमच्याकडे ती टोकाची खोली रिकामी झाली. आजी गेल्या.”

“कोण, ती गाणं म्हणायची ती?”

“ती नाही. ती अजून म्हणते. ही दुसरी, गप्प असायची ती. फार छान खोली आहे हो. सगळ्या इमारतीत तिथेच तेवढं ऊन येतं.”

“मग आता?”

“आता कुणाला तरी देतील. मोठी यादी असते.” सिस्टरने कांदा कढईत सरकवला. त्या आजींना शेवटची आंघोळ तिने घातली होती. घालताना तिच्या मनात, टॉवेल पुरतील का, एवढाच विचार आला होता. ते तिने मास्तरांना सांगितलं नाही. “अहो, मी म्हणते, नाताळला आईंना माझ्याबरोबर नेऊ का? घरच्यांना आणलं तर चालतं त्या दिवशी.”

“ने की,” मास्तर म्हणाले. “बरं वाटेल तिला. तिथे गरमही असतं. घरी एकटी बसून तरी काय करते? तिच्या वयाची माणसं दिसतील. एकदा बघू दे तिला.”

पलीकडच्या खोलीत टीव्ही चालू होता, तेव्हा आईला काही ऐकू जाणार नाही, असा दोघांचा समज होता. पण टीव्हीची भाषा सासूबाईंना कळत नव्हती. त्यामुळे त्यांचे कान बाकीच्या कामाला मोकळेच असत.

दुसऱ्या दिवशी सिस्टर त्यांना म्हणाली, “आई, नाताळला माझ्याबरोबर चला. ठकीपण येईल.”

सासूबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरं,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “कपडे काय घ्यायचे?”

“घ्या तुम्हाला हवे ते. चांगले घ्या, सण आहे.”

दवाखान्याच्या बाकाचा उल्लेख तिने केला नाही. ज्या बाईने तो डबा वर्षानुवर्षं बांधला, तिला त्याची आठवण काय करून द्यायची, असं तिला वाटलं. पुढे दोन दिवस सासूबाई इस्त्री करत होत्या. सणाची तयारी चालली आहे म्हणून सिस्टरलाही जरा हायसं वाटलं, म्हणजे वाटायला हवं होतं म्हणून तिने तशी नोंद केली.

नाताळच्या सकाळी सगळ्यांनी उभ्याने प्रार्थना केली, कारण मास्तरांना उशीर होत होता. तेवढ्यात थोरल्याचा फोन आला. त्याने सगळ्यांना शुभेच्छा दिल्या आणि मग मास्तरांना म्हणाला, “तू आईचं फार चांगलं केलंस रे. आम्हाला नसतं जमलं.” मास्तर फुलले. एका हातात बूट धरून ते म्हणाले, “अरे, त्यात काय.” सिस्टरने मात्र कान टवकारले. भावजी कुणाला फुकट शाबासकी देणाऱ्यातले नव्हते. लग्नातही त्यांनी फुलं मोजून उधळली असावीत असा तिला संशय होता. पण तिलाही उशीर होत होता.

सासूबाई मोरपंखी साडीवर मुलाचा जुना कोट चढवून तयार होत्या. हातात भली मोठी पिशवी. ठकी म्हणाली, “आजी, मी धरू?” तर “नको गं, जड आहे” म्हणून त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली. डबा सिस्टरच्या पिशवीत होता. सासूबाईंच्या पिशवीत शाल असेल, देवाचं पुस्तक असेल, असं धरून ती पुढे चालू लागली. दाराबाहेर पडताना सासूबाई वळल्या आणि त्यांनी खोलीकडे एकदा नीट बघून घेतलं. गॅस बंद आहे ना, हे बघतात तसं.

वृद्धाश्रमात त्या दिवशी मोठ्या दिवाणखान्यात खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या आणि म्हाताऱ्यांना सकाळीच धुऊन-पुसून, भांग पाडून बसवलं होतं. त्यांची मुलं, सुना, नातवंडं यायला लागली. सिस्टरने इथे येऊन एक शास्त्र शिकून घेतलं होतं. भेटायला येणाऱ्यांत दोन जाती असतात, आल्याबरोबर कोट काढणारे आणि कोट न काढणारे. न काढणारे खुर्चीच्या कडेवर बसतात, फार मोठ्याने बोलतात, आणि म्हाताऱ्याच्या हातावर थोपटता थोपटता घड्याळाकडे पाहतात. काढणारे कमी. त्यातही जे कोट काढून मांडीवर ठेवतात त्यांचा फारसा भरवसा नसतो. जज्जसाहेब म्हणून एक आजोबा होते. ते कधी जज्ज नव्हते, पण सगळ्यांकडे निकाल देणार असल्यासारखे पाहत, म्हणून सिस्टरने मनातल्या मनात ते नाव ठेवलं होतं. त्यांचा मुलगा आला, कोटासकट बसला, आणि बापाला तीन वेळा म्हणाला की तब्येत मस्त दिसते. जज्जसाहेबांनी निकाल राखून ठेवला.

सिस्टरने सासूबाईंना हीटरजवळची खुर्ची दिली आणि ठकीला शेजारी बसवलं. “मी मधूनमधून येते,” म्हणून ती कामाला लागली. स्वयंपाकघरातल्या बाईने सासूबाईंना चहा दिला, केक दिला, पायांवर पांघरूण टाकलं आणि काहीतरी विचारलं. सासूबाईंनी मान हलवली. भाषा येत नसेल तेव्हा मान हलवावी, नुकसान होत नाही, असं त्यांनी इथे आल्यावर ठरवून टाकलं होतं.

बेल वाजत होत्या. कुणाला उठवायचं, कुणाला बसवायचं, कुणाच्या नातवाने सांडलेलं पुसायचं. गाणाऱ्या आजींनी सकाळपासून एकच कडवं धरलं होतं आणि पाहुण्यांना ते गोड वाटत होतं, कारण त्यांना जायचं होतं. जेवणाच्या वेळेला सिस्टर डबा घेऊन दिवाणखान्यात आली तर हीटरजवळची खुर्ची रिकामी. ठकी एका आजोबांबरोबर पत्ते खेळत होती आणि हरत होती.

“आजी कुठे गं?”

“खोली लावतेय,” ठकी पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाली.

“कुठली खोली?”

“ती टोकाची. तिनेच शोधली. मी दार उघडून दिलं.”

सिस्टर टोकाच्या खोलीशी गेली. दारावरच्या पट्टीतलं नाव काढून टाकलेलं होतं. आत खरंच ऊन आलं होतं, पलंगाच्या पायथ्यापर्यंत. कपाटाचं दार उघडं होतं आणि आत साड्यांच्या इस्त्री केलेल्या घड्या एकावर एक लावलेल्या होत्या. पलंगालगतच्या टेबलावर देवाचं पुस्तक, चष्म्याचं घर, खोबरेल तेलाची बाटली आणि मामंजींचा फोटो. पिशवी रिकामी होऊन, चौकोनी घडी होऊन, उशीखाली गेलेली. सासूबाई पलंगाच्या अगदी कडेला बसल्या होत्या, चादर चुरगळू नये अशा बेताने.

“आई, काय करताय?”

“लावून घेतलं. म्हटलं, तुझं काम कशाला वाढवा.” त्यांनी पलंगावर लोंबणाऱ्या बेलच्या दोरीकडे बोट केलं. “ही ओढली की तूच येणार ना? का दुसरं कुणी?”

“माझी ड्युटी असली की मी. नाहीतर दुसरं कुणी,” सिस्टरने उत्तर दिलं, नव्या माणसाला रोज देतात तसं. आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. डबा तिने टेबलावर ठेवला. “आई, ही खोली तुम्हाला कुणी दिली?”

“तूच ना. मास्तरला सांगत होतीस ना, रिकामी झाली म्हणून. ऊन येतं म्हणालीस, ते खरंय हो.” सासूबाईंच्या आवाजात सुनेबद्दल चक्क अभिमान होता. “ओळखीने मिळवलीस ना? थोरला म्हणाला, अशी जागा मिळायला वर्ष वर्ष वाट बघावी लागते. मी म्हटलं, आमच्या सिस्टरची तिथे वट आहे.”

“भावजींना सांगितलंत तुम्ही?”

“परवा. तू कामावर होतीस तेव्हा.”

“काय म्हणाले?”

“बरं झालं म्हणाला.” त्यांनी गुडघ्यावरची साडी सारखी केली. “लगेच म्हणाला. विचार करायला वेळ नाही घेतला.”

सकाळची शाबासकी कशाची होती ते सिस्टरला आता कळलं. ती दारात उभी राहिली. अशा वेळी छातीत कळ यावी, घसा दाटून यावा, निदान लाज वाटावी, हे तिला माहीत होतं. ती वाट पाहत राहिली. यापैकी काही आलं नाही. आलं ते दुसरंच. खांद्यावरून पोतं उतरावं तसं काहीतरी सैल झालं, घरातली ती खिडकी मोकळी दिसली, सोफा न उलगडता आतल्या खोलीत झोपता येईल असं एका क्षणात दिसून गेलं. किती महिन्यांनी तिला काही वाटलं होतं, आणि वाटलं ते हे. तिने ते पाहून ठेवलं. टाळण्यात अर्थ नव्हता.

“आई, आवरा,” ती म्हणाली. “ही खोली आपली नाही. इथल्या कुणाला तरी मिळेल ती.”

“म्हणजे नाही मिळाली?”

“मागितलीच नव्हती. मी तुम्हाला डबा खायला आणलं. मामंजींची ड्युटी असायची तेव्हा तुम्ही सगळे दवाखान्यात जायचा ना, तसं.”

सासूबाईंनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ते होय. मला वाटलं, ते बंद झालं.”

“मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल.”

“आधी सांगायचंस तरी. दोन दिवस उगाच इस्त्री करत बसले.”

सिस्टर कपाटातल्या साड्या काढायला लागली. पाठ वळवून बोलणं सोपं होतं. “आणि तुम्ही काही बोलला नाहीत? असं कसं टाकता म्हणून भांडायचं तरी. मुलाला विचारायचं.”

“मला कुणी काही विचारलं? तुम्ही दोघं महिनाभर एकमेकांना विचारताय. मला वाटलं, तुमचं ठरलं.”

खोली रिकामी करून, चादर ताठ ओढून दोघी दिवाणखान्यात आल्या. ठकीला बोलावून तिघींनी डबा उघडला. रस्सा निवला होता, आणि भात घट्ट झाला होता. जज्जसाहेब टक लावून बघत होते म्हणून सासूबाईंनी त्यांना एका बशीत थोडा रस्सा-भात दिला. त्यांनी खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितला. त्यांचा मुलगा केव्हाच गेला होता.

ड्युटी संपली तेव्हा अंधारून आलं होतं. सणामुळे बस बंद होत्या, म्हणून चालत निघाल्या. दुकानं मिटलेली, रस्ते ओस. एवढा मोठा सण आणि रस्त्यावर माणूस नाही, याचं सासूबाईंना पहिल्यापासून नवल वाटत आलं होतं. ठकी पुढे गोठलेल्या डबक्यांवर बूट घासत चालली होती. पिशवी आता सिस्टरच्या हातात होती, आणि ती खरंच जड होती.

“आई,” सिस्टर म्हणाली, “तुम्हाला राहायचंय की परत जायचंय?”

“आता विचारतेस?”

“आता विचारते.”

“तुला काय वाटतं ते सांग आधी.”

सुनेने अशा वेळी काय म्हणायचं असतं ते सिस्टरला पाठ होतं. पण दिवसभर ती उभी होती आणि पाठ केलेलं आठवायचं त्राण नव्हतं. “मला काही वाटत नाही, आई,” ती म्हणाली. “तुमच्याबद्दल नाही म्हणत. कशाबद्दलच काही वाटत नाही. इथे आल्यापासून असंच आहे. त्या खोलीतल्या आजी गेल्या, तेव्हाही नाही. आज तुम्हाला तिथे बसलेलं बघितलं तेव्हा मात्र वाटलं. बरं वाटलं. सुटल्यासारखं. खरं विचारलंत म्हणून खरं सांगितलं.”

आपण हे बोललो हे तिला ऐकू आलं. पुढचा कोपरा आला. ठकी एकदा घसरली आणि उठली.

“वाटणारच,” सासूबाई म्हणाल्या. “मलाही वाटलं. कपाटात साड्या लावल्या आणि म्हटलं, चला, आता आपल्यामुळे कुणाची अडचण नको.” त्या थांबल्या, दम घेतला. “थोरल्याने बरं झालं म्हटलं तेव्हा मात्र लागलं गं मला. फोन ठेवला तरी लागत होतं.”

“मला तेवढंही लागत नाही.”

“मास्तरच्या वेळी माझं असंच झालं होतं. पोर रडायचं आणि मी बघत बसायचे. तव्यावरची भाकरी करपली तरी वास यायचा नाही.”

“मग?”

“मग काय. माझ्या सासूने चूल हातात घेतली. तोंडाने शिव्या देत, पण घेतली. कधी बरं झालं ते कळलंसुद्धा नाही.” चार पावलं चालून त्या म्हणाल्या, “तिकडे त्या खोलीत मशीन खडखडतं दिवसभर. मला नाही झोप यायची. तो अर्ज कधी द्यायचा असतो?”

“वर्ष संपायच्या आत.”

“मग फोटो लागतील. उद्या चल.”

सिस्टर ‘बरं’ म्हणाली. आनंद झाला का, हे तिने तपासून पाहिलं. झाला नव्हता. दुःखही झालं नव्हतं. गणित सुटलं होतं, एवढंच.

घरी मास्तर आधीच आले होते. मशीनच्या वाफेने हातांची बोटं पांढरी पडली होती. हॉटेलातला उरलेला केक त्यांनी फॉइलमध्ये आणला होता. सिस्टरने त्यांना स्वयंपाकघरात घेतलं आणि दार न लावता, आवाज न चढवता सगळं सांगितलं. टीव्हीही लावला नाही.

मास्तर ओट्याला टेकले. “दादा असं म्हणाला? बरं झालं, म्हणून?”

“त्यांचं सोडा. ते निदान काहीतरी म्हणाले. आपण महिनाभर काय म्हणालो?”

मास्तरांची नजर बाथरूमच्या दाराकडे जायला निघाली होती, ती त्यांनी मागे बोलावली. ते बाहेर गेले आणि आईसमोर सोफ्यावर बसले. वर्गात उत्तर न आलेल्या पोरांना त्यांनी जन्मभर जसं बसलेलं पाहिलं होतं, अगदी तसे.

“आई, राहशील ना इथे?”

“सिस्टरशी झालंय माझं बोलणं. तू फोटोचं बघ.” सासूबाई कोटाची बटणं काढत होत्या, आणि थंडीने बोटं वळत नव्हती. “आणि थोरल्याला फोन करून सांग, मी घरात आहे म्हणून. मी नाही सांगणार.”

मास्तरांनी फोन लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, इकडचं येत होतं. “नाही दादा, तसल्या ठिकाणी नाही. घरात. आमच्या घरात... हो, कायमची.” मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते आणि पांढरी पडलेली बोटं चोळत होते.

सिस्टर पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेली. साड्या पुन्हा पलंगाखालच्या बॅगेत घालायला ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. आल्यापासून सासूबाईंच्या साड्या त्या बॅगेतच होत्या. पाहुण्यांच्या असतात तशा. कपाटात तीन कप्पे होते, तिन्ही या तिघांचेच. तिने बॅग आत ढकलली, कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यातले आपले स्वेटर काढून पलंगावर टाकले.

सासूबाई दारात येऊन बघत होत्या.

“वरचा नको,” त्या म्हणाल्या. “माझा हात पोचत नाही.”

सिस्टरने स्वेटर परत वर कोंबले आणि मधला कप्पा रिकामा करायला घेतला.